"मोबाईल काढून घेईन" या धमकीचा फायदा नेमका कुणाला होतो?

नववीतल्या पोरांना सहज विचारून बघा, गेममध्ये नाहीतर इन्स्टावर कुणी वेडंवाकडं बोललं तर घरी सांगाल का. आधी एकमेकांकडे बघतात आणि मग हसतात. माझ्या शिकवणीतल्या एकाने तर तोंडावरच सांगितलं, "मॅडम, घरी कळलं ना, तर पप्पा आधी मोबाईल फोडतील, मग ऐकतील." आणि बाकीची पोरं लगेच "खरंय, खरंय" करायला लागली.

माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. आईबाबा येऊन विचारतात की मॅडम कुठलं ॲप टाकू, लॉक कसं लावू, आणि लावा की, गुगलचं फॅमिली लिंक ॲप फुकट आहे, कुठलं ॲप उतरवायचं ते तुम्ही ठरवाल, रात्री फोन बंद पण होईल, पण गेमच्या चॅटमध्ये कोण काय बोलतंय ते त्यात दिसत नाही. ते फक्त पोरगंच सांगू शकतं, आणि त्याला तर आपण आधीच दम देऊन ठेवलाय.

गेममध्ये ओळख वाढवून पोराकडून फोटो काढून घ्यायचा आणि मग धमकवायचं, हे प्रकार कसे होतात ते माहीत नसेल तर सांगते. फ्री फायर या मोबाईल गेमवर आपल्याकडे फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली पण फ्री फायर मॅक्स चालूच राहिलं, पोरं तेच खेळतात. त्यात डायमंड लागतात, म्हणजे कपडे, बंदुकीच्या स्किन, नाचायचे इमोट, सगळं डायमंडवर, आणि डायमंडला खरे पैसे लागतात जे पोरांकडे नसतात. मग स्क्वाडमध्ये, म्हणजे गेममधल्या टीममध्ये, एक 'भाई' येतो, चांगला खेळतो, याला जिंकवून देतो, रोज बोलावतो, कौतुक करतो (घरी कोण करतंय एवढं!) आणि एक दिवस म्हणतो, यूआयडी टाक, टॉप-अप मारतो, म्हणजे डायमंड भरून देतो. टॉप-अपला पासवर्ड लागत नाही, नुसता प्लेअर आयडी पुरतो, त्यामुळे पोराला वाटतं यात काय धोका आहे. डायमंड खरोखर येतात. पुढची पायरी म्हणजे "इथे नको, इन्स्टावर बोलू" किंवा टेलिग्रामवर. ही जागा बदलायची घाई दिसली की समजायचं काहीतरी काळंबेरं आहे. मग "कुणाला सांगू नको", मग एक फोटो, आणि फोटो गेला की दुसऱ्या मिनिटाला पोराच्याच फॉलोअर्सच्या लिस्टचा स्क्रीनशॉट, की बघ, या सगळ्यांना पाठवतो, पैसे टाक नाहीतर अजून फोटो दे. मुलींचंच होतं असं समजू नका, मुलगेही अडकतात, आणि समोर मुलीचा फोटो लावलेली प्रोफाईल असली की तर लगेच.

आता त्या पोराच्या डोक्यात काय चालतं बघा. एकीकडे तो माणूस, दुसरीकडे पप्पा. आणि तो माणूस निदान "पाचशे टाक, डिलीट करतो" असं तरी म्हणतोय. त्या माणसाला पोराला वेगळं घाबरवायची गरजच पडत नाही, ते काम आपण घरी बसून करून ठेवलेलं असतं.

म्हणून मी पालकांना एकच सांगते, पोराला आजच शब्द द्या की तू येऊन सांगितलंस तर मोबाईल जाणार नाही आणि मार पडणार नाही, आणि तो शब्द पाळा. एक काका माझ्यावर चिडलेच, म्हणे मग शिस्तीचं काय. काका, अभ्यास केला नाही म्हणून काढून घ्या ना फोन, कोण अडवतंय! सांगितलं म्हणून काढू नका एवढंच म्हणणं आहे.

आणि पोराने सांगितलंच तर पैसे पाठवायचे नाहीत, एकदा दिले की परत मागतात. चॅट उडवायची नाही, आधी स्क्रीनशॉट, त्याचं युजरनेम, प्रोफाईलची लिंक, मग ब्लॉक. पुरावा म्हणून पोराचा तो फोटो मामाला, काकाला फॉरवर्ड करत बसू नका, अल्पवयीन मुलांचे असले फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाईन 1930, मुलांची हेल्पलाईन 1098, आणि सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. फोटो पसरायची भीती असेल तर 'टेक इट डाऊन' म्हणून एक फुकट सेवा आहे, अमेरिकेतली एक संस्था चालवते, त्यात फोटो अपलोड होत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक कोड बनतो आणि इन्स्टा, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या तो कोड जुळला की फोटो काढतात. व्हॉट्सॲपच्या खाजगी चॅटमध्ये गेलेलं मात्र त्याने निघत नाही.

"पोलीस दारात आले तर लोक काय म्हणतील" हे ऐकून तर कंटाळा आलाय. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, 2012 चा आहे, मुलगा-मुलगी दोघांनाही लागू, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि जबाब घेताना अंगावर वर्दी नको. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. नाव, फोटो, शाळा छापायला पण बंदी. ठाण्यात कुणी उडवाउडवी केली तर हे सगळं बोलून दाखवा.

(जाता जाता, जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी गेटसमोर उभं करून आयकार्डासकट फोटो स्टेटसला टाकणारे आपणच, त्यावर नाव, इयत्ता, तुकडी सगळं वाचता येतं. असो.)

एक काम आज संध्याकाळी करा. इन्स्टावर अठराच्या आतल्यांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट होतं आणि अनोळखी माणसाला त्यांना मेसेज करता येत नाही, पण बऱ्याच घरात अकाउंट बाबांच्या नंबरवर असतं आणि जन्मसाल टाकलेलं असतं 1985, म्हणजे इन्स्टाच्या लेखी तुमचं पोरगं चाळिशीचं! पोराला शेजारी बसवून ते साल बदला, आणि पोरगं तेराच्या आतलं असेल तर अकाउंटच बंद करा, कितीही रडलं तरी.