बिनटाक्याचे की टाक्यांचे?

आप्पांचे पाय चेपताना उजव्या गुडघ्याच्या लवणीत बोटांना काहीतरी उडत असल्याचे जाणवले, आणि जळगावात केलेल्या डॉपलर तपासणीत (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) तेथील धमनी २.८ सेंटिमीटरपर्यंत फुगल्याचे निघाले. एरवी ही धमनी एक सेंटिमीटरपेक्षाही अरुंद असते. २ सेंटिमीटरच्या पुढे, विशेषतः आत गुठळी साचलेली असल्यास, शस्त्रक्रिया सुचवतात. हा फुगा फुटेल अशी भीती घरच्यांना होती. प्रत्यक्षात तो क्वचितच फुटतो. खरा धोका गुठळीने धमनी बंद होण्याचा किंवा गुठळीचे तुकडे पोटरीतील बारीक धमन्यांत अडकून पाय गमावण्याचा असतो.

रावेरला भेटायला येणारा प्रत्येकजण ‘बिनटाक्याचेच करा’ असे सांगत होता. त्या पद्धतीत मांडीतून नळी घालून आवरण असलेला स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, फुग्याच्या आतून बसवतात. भूल बहुधा जागेपुरती लागते आणि रुग्ण लवकर घरी येतो. मात्र स्टेंट टेकण्यासाठी फुग्याच्या वर आणि खाली चांगली धमनी हवी, आणि तो बसतो नेमका सांध्यावर. दिवसभर ठिबकच्या नळ्यांपाशी उकिडवे बसणाऱ्या माणसाचा गुडघा किती वेळा पूर्ण दुमडतो, हा प्रश्न मला टाक्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा वाटला. वाकण्याच्या जागी स्टेंट पिचू शकतो किंवा बंद पडू शकतो, आणि पुन्हा उपचार करण्याची वेळ उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक वेळा येते.

उघड्या शस्त्रक्रियेचेही दोन मार्ग आहेत. आतल्या बाजूने छेद घेतल्यास मांडीपासून पोटरीपर्यंतची धमनी हाताशी येते, शिवाय बायपाससाठी लागणारी पायाची लांब शीर त्याच बाजूला मिळते. फुग्याच्या वर-खाली धमनी बांधून रक्त नव्या वाटेने नेतात. उणीव एवढीच की, गुडघ्याकडे जाणाऱ्या बारीक फांद्यांतून उलटे रक्त येत राहिले, तर बांधलेला फुगाही वाढू शकतो. (१७८५ मध्ये लंडनमध्ये जॉन हंटर यांनी एका घोडागाडीवाल्याची मांडीतील धमनी बांधली, तेव्हा फुग्याला हातच लावला नव्हता, पाय तगला तो अशाच आडवाटांच्या रक्तावर.) मागच्या मार्गात रुग्णाला पालथे झोपवून लवणीत छेद घेतात, फुगा उघडून त्या फांद्या आतून शिवतात आणि मध्ये शिरेचा तुकडा जोडतात. फुगा लवणीपुरताच असेल तर हे काम नेटके होते. तो मांडीत वर गेला असेल तर हात पोहोचत नाही, आणि तेथील मज्जातंतूंनाही जपावे लागते.

अमेरिकेतील रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार, रुग्णाचे आयुर्मान पाच वर्षे किंवा त्याहून अधिक अपेक्षित असेल आणि शीर चांगली असेल, तर उघडी शस्त्रक्रिया विचारात घ्यावी. आयुर्मान कमी असेल आणि उपचार करणे भागच असेल, तर स्टेंटचा विचार करावा. आप्पांचे वय ६६, हृदय उत्तम, शीर चांगली आणि फुगा लवणीपुरताच, म्हणून मुंबईच्या शल्यचिकित्सकांनी मागचा मार्ग सुचवला व आम्ही तो मान्य केला.

हा फुगा निम्म्याच्या आसपास रुग्णांत दोन्ही पायांत असतो आणि पोटातील महाधमनीही फुगलेली असू शकते, म्हणून त्यांनी तेही तपासले. पोट ठीक निघाले. डावी धमनी १.४ सेंटिमीटर आहे आणि तिची दरवर्षी सोनोग्राफी करायची आहे. पुढची तारीख केळीच्या कापणीत येत होती, ती आप्पांनी आधीच बदलून घेतली आहे.