गारगोट्यांचा ढीग

आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या त्या शेतात पोचलो तेव्हा पांढऱ्या गारगोट्या बांधाच्या कडेला नीट रचून ठेवलेल्या होत्या. आठवडाभर आधी हौशी मंडळींनी जागा साफ केली होती. हेतू चांगला, पण नुकसान मोठं.

ती जागा म्हणजे किलीन. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या पवित्र जमिनीत जागा नसे. बाप रात्री पेटी काखेत घेऊन निघायचा आणि शिवेवर, समुद्रकाठी किंवा अशा गोल मातीच्या बांधाच्या जुन्या गढीत पुरून यायचा. नाव कोरलेलं नाही. डोक्याशी धोंडा, वर गारगोट्या. विसाव्या शतकातही हे चालू होतं. आपल्याकडेही तान्ह्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात. म्हणून असेल, इथं मला आवाज चढवून बोलवत नाही.

अशा जागेची नोंद करताना काहीही उचलायचं नसतं. गवत हातकात्रीनं कापायचं, कारण गवत कापायच्या यंत्राची दोरी दगडावरचं लायकेन, म्हणजे दगडफूल, खरवडते. तारेचा ब्रश नाही, खडू नाही. मीटर-मीटरच्या चौकटी आखून प्रत्येक दगडाचा वरून फोटो, शेजारी मोजपट्टी आणि उत्तरेचा बाण. अंधार पडला की बॅटरी जमिनीलगत आडवी धरायची. चार बोटांचा उंचवटा तेव्हाच सावली टाकतो.

इथं गारगोट्याच हललेल्या. पण जिथून उचलल्या तिथं गवतात तळहाताएवढे पिवळट डाग उरले होते. २६ मोजले, ढिगात गारगोट्या ३१. प्रत्येकीची खालची कड पारदर्शक प्लास्टिकवर काढून डागांवर धरून पाहिली. नऊ जुळल्या.

शेताचे म्हातारे मालक बांधाबाहेरच उभे होते. इथली जुनी समजूत अशी, की बाप्तिस्मा न झालेल्या बाळाच्या थडग्यावर पाय पडला की माणूस ओळखीच्या शेतात रात्रभर वाट चुकतो. कोट उलटा घातला तरच सुटका. वडिलांनी पाय ठेवू नको म्हणून सांगितलेली जागा त्यांनी काठीनं दाखवली : हॉथॉर्नच्या झाडापासून सात पावलं. आमचे बहुतेक डाग तिथेच होते. त्या भीतीमुळेच इथं कधी नांगर फिरला नाही. १९३७ ते १९३९ मध्ये २६ परगण्यांतल्या शाळकरी मुलांनी अशाच गोष्टी घरच्या थोरांकडून लिहून घेतल्या. मोजणीला निघण्याआधी त्या वह्या वाचायलाच हव्यात. आमच्या नकाशावर ही जागा नुसता ठिपका आहे.

गारगोट्या परत कधी ठेवणार, असं त्यांनी दोनदा विचारलं. जुळलेल्या नऊ गारगोट्या परवानगी आल्यावर ठेवता येतील. उरलेल्या २२ अंदाजानं ठेवल्या, तर पुढचा नोंद करणारा तीच थडगी धरून चालेल.