फीची पावती हा हिशेबातला सगळ्यात छोटा कागद

बारावीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न येतो, "फी किती?" सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात त्याचं उत्तर हलकं असतं, म्हणून हिशेब तिथंच मिटतो. पदवीची खरी किंमत मात्र वर्षांत असते, आणि वर्षांची पावती कुणी फाडत नाही.

एक गणित मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे टाकून बघा. कळंबकडचा मुलगा छत्रपती संभाजीनगरात अनुदानित कॉलेजात बी.एस्सी.ला येतो. फी, परीक्षा, पुस्तकं मिळून वर्षाला 10,000. वाटणीतली खोली 2,000, मेस 3,000, प्रवास-रिचार्ज-झेरॉक्स 1,500, म्हणजे महिन्याला 6,500. त्याच्याच वर्गातला दुसरा तिथल्याच वाळूजच्या कारखान्यात महिना 12,000 वर कंत्राटी लागला. आता इथं बहुतेक जण घसरतात: बुडालेला पगारही धरतात आणि खोली-मेसही. वाळूजच्या पोराला खोली-मेस चुकली का? नाही. मग तो खर्च पदवीच्या नावावर टाकता येत नाही. पदवीची किंमत म्हणजे तीन वर्षांचा बुडालेला पगार 4,32,000 अधिक फीचे 30,000, एकूण 4,62,000. खोली-मेसचा पैसा बापाच्या खिशातून जातो हे खरंच, पण तो प्रश्न पैसा उभा करण्याचा. मुलगा एरवी गावातच राहणार असेल तर गणित बदलतं. तेव्हा खोली-मेस धरायची, त्यातून घरचं जेवण वजा करायचं, आणि पगाराच्या जागी शेतातली मजुरी लिहायची.

आता परतावा. तीन वर्षांनी वाळूजचा मुलगा 15,000 वर पोचला असं धरू. पदवीधराला 18,000 मिळाले तर फरक 3,000 चा. 4,62,000 फिटायला 154 महिने, जवळपास 13 वर्षं. 22,000 मिळाले तर 66 महिने, साडेपाच वर्षं. पदवी तीच, कॉलेज तेच. म्हणून कोर्स निवडताना फीच्या हजार-दोन हजारांवर घासाघीस करण्यापेक्षा पहिल्या पगाराची चौकशी जास्त कामाची.

आणि पदवीनंतर स्पर्धा परीक्षेची तीन वर्षं धरली तर? 15,000 च्या हिशेबाने आणखी 5,40,000 बुडाले, बेरीज 10 लाखांवर. क्लास आणि टेस्ट सिरीज वेगळी. पद मिळालं तर वसुली होते: तलाठ्याचं मूळ वेतनच 25,500 पासून आहे, वर महागाई भत्ता. पण जागा मोजक्या, आणि खुल्या वर्गाला 38 पर्यंत वयाची मुभा असल्यामुळे "अजून एक अटेम्प्ट" संपतच नाही. किती वर्षं द्यायची हे पदवीच्या शेवटच्या वर्षातच घरात बोलून ठरवा. लातूरच्या ट्यूशन एरियात नीटसाठी काढलेलं रिपीटचं वर्षही याच खात्यात जातं. ते कॉलेजच्या आधीचं म्हणून कुणी मोजत नाही एवढंच.

इंजिनिअरिंगला मोठ्या आकड्याने फसगत होते. जाहिरातीत सगळ्यात मोठं पॅकेज असतं, तुम्हाला मधला पगार हवा. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीत, भाग घेणारी कॉलेजं आपला तक्ता वेबसाइटवर ठेवतात: किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मध्यक वार्षिक पगार किती. नोकरी लागलेल्यांना पास झालेल्यांनी भागा. तो मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो, हे विसरू नका.

मग सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, सोला. 3,60,000 म्हणजे महिना 30,000 असं गावभर सांगितलं जातं. त्यातून 10 टक्के व्हेरिएबलचे, म्हणजे कामगिरीवर मिळणाऱ्या पगाराचे, 3,000 बाजूला. मूळ पगार 15,000 असेल तर कंपनीचा पीएफ 1,800, ग्रॅच्युइटी सुमारे 720. राहिले 24,480. त्यातून स्वतःचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200. हातात सुमारे 22,500, आणि खोलीभाडं पुण्याचं.

कर्ज काढणार असाल तर सवलतीच्या काळातलं व्याज आधी मोजा. वर्षाच्या सुरुवातीला 1 लाख, असे चार वर्षं, 10 टक्के सरळ व्याज, आणि कोर्सनंतर एक वर्ष हप्ता नाही. हप्ता सुरू होईल तेव्हा 4 लाखांचे 5,40,000 झालेले असतात. दहा वर्षांचा हप्ता सुमारे 7,140. मधलं व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेलात तर हप्ता 5,290 च्या आसपास येतो.

खरी अडचण मात्र वेळेची. फी जुलै-ऑगस्टात, सोयाबीन मोंढ्यावर जाणार दिवाळीच्या आगेमागे, आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती कधी कधी पुढच्या वर्षावर जाते. मधल्या चार महिन्यांसाठी 40,000 महिना शेकडा 3 ने उचलले तर 4,800 व्याज, म्हणजे बी.एस्सी.ची जवळपास अर्ध्या वर्षाची फी. शिष्यवृत्तीला पात्र असाल तर कॉलेजला हप्ते मागा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

अर्ज अडकतो तो ठरलेल्या ठिकाणी. बँक खातं आधारला जोडलेलं असतं, पण पैसे भलत्याच जुन्या खात्यात जातात, कारण एनपीसीआयला, म्हणजे आधारवरून पैसे कुठल्या खात्यात जायचे हे ठरवणाऱ्या यंत्रणेत, तेच जोडलेलं असतं. बँकेत जाऊन ते आधी बदलून घ्या. जात पडताळणीचा अर्ज बारावीतच टाका. व्यावसायिक कोर्सला प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत गेली. 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तरी पावती ओळीओळीने वाचा, कारण वसतिगृह-मेस त्यात येत नाही. अनुदानित कॉलेजातली बीसीए, बीबीएची तुकडी बहुधा विनाअनुदानित असते. गेट एकच, फी वेगळी.

पावतीवरची अनामत रक्कम परत मिळते. टीसी काढायच्या दिवशीच मूळ पावती दाखवून मागा, नंतर त्यासाठी कुणी गावाहून परत येत नाही.