गोदीची आग आणि आमचा इतिहासाचा तास

आपल्या शाळेत जी मुलं यायची ती बहुतेक मुंबईच्या गोदीलगतच्या मांडवी, डोंगरी, चिंचबंदर, वाडीबंदर इकडची. कुणाचे वडील गोदीत, कुणाचे दाणाबाजारात, कुणाचे काका हमालांच्या टोळीत. तरीसुद्धा नववीपर्यंत आमच्यापैकी एकालाही विचारलं असतं की १४ एप्रिल १९४४ ला आपल्या एरियात, गोदीत जहाजाचा स्फोट झाला तेव्हा, काय झालं तर धड सांगता आलं नसतं. घरात मोठी माणसं 'स्फोटाच्या आधी' आणि 'स्फोटानंतर' असं बोलायची, अमक्याचं लग्न स्फोटाच्या आधी झालं, तमकी खोली स्फोटानंतर घेतली, ते कानावर पडायचं आणि आम्ही सोडून द्यायचो. पुस्तकात प्लासीची लढाई होती, फ्रेंच राज्यक्रांती होती, आणि शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर जे घडलं त्याची एक ओळ नव्हती.

ती आमच्या इतिहासाच्या सरांनी आणली. मी १९८३ च्या दहावीच्या बॅचचा, म्हणजे हे त्याच्या आदल्या वर्षीचं. चौदा एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी असते आणि त्याच दिवशी अग्निशमन सप्ताह सुरू होतो, तो वीसपर्यंत चालतो. सुट्टीनंतरच्या दिवशी सर वर्गात आले, फळ्यावर फक्त '४ वाजून ६ मिनिटं' असं लिहिलं आणि म्हणाले घरी जाऊन विचारा हे काय आहे ते, जे कळेल ते वहीत लिहून आणा, मार्क नाहीत.

मी आज्जीला विचारलं. ती तेव्हा बावीस वर्षांची होती आणि आम्ही राहायचो त्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर होती. तिने जे सांगितलं ते आणि पुढे मी मोठेपणी वाचून काढलं ते मिळून सांगतो, कारण आता शाळेत असलेल्या मुलांनाही बहुतेक माहीत नसणार.

'फोर्ट स्टिकिन' नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज. फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं, कराचीला थांबून १२ एप्रिलला मुंबईत आलं आणि व्हिक्टोरिया डॉक या गोदीच्या एक नंबर बर्थला, म्हणजे धक्क्याला, लागलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे, शिवाय विमानं आणि सोन्याच्या विटा. आणि कराचीत त्यावर काय चढवलं, तर कापसाच्या ८,७०० गासड्या, लाकूड, तेलाची पिंपं. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात! आमच्या वर्गात अर्ध्या मुलांच्या घरी बंदरावर काम करणारी माणसं होती, त्यांना हे ऐकूनच कळलं की हे कुठे जाणार. युद्धाचे दिवस होते, जहाजं कमी, जागा मिळेल तिथे माल भरायचा असं चाललेलं, हे मला समजतं. पण धोक्याचा माल असल्याचं सांगणारा लाल बावटासुद्धा त्या जहाजावर नव्हता, ते मला आजही समजत नाही.

शुक्रवार होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास शेजारच्या जहाजावरच्या लोकांना धूर दिसला होता म्हणतात, पण आरडाओरडा झाला तो दोनच्या सुमारास हमाल परत कामाला लागले तेव्हा. दोन नंबरच्या फाळक्यात, म्हणजे जहाजाच्या माल भरायच्या खणात, आग. कापसात लागलेली. कुणाच्या तरी विडी-सिगारेटीवर संशय धरला जातो. बंब आले, ९०० टनांवर पाणी आत सोडलं, तरी आगीचं मूळ धुरात सापडेना आणि आतलं पाणीच उकळायला लागलं. जहाज जागीच बुडवावं की गोदीबाहेर ओढून न्यावं यावर साहेब लोकांचं एकमत होईना, आणि सगळ्यांना हुकूम देऊ शकेल असा एक माणूस तिथे नव्हता. चारला दहा कमी असताना जहाज सोडायचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. गोदीतलं घड्याळ तिथेच थांबलं.

आज्जी म्हणायची की फळीवरची सगळी भांडी एकदम खाली आली आणि खिडकीच्या काचा पोरांच्या अंगावर. लोकांना वाटलं जपानी आले, बॉम्ब टाकला. ती लेकराला, म्हणजे माझ्या मोठ्या काकाला, घेऊन खाली आली तर अख्खी गल्ली बाहेर येऊन गोदीच्या दिशेला बघत उभी, कुणी तिकडे धावतंय, कुणी तिकडून येतंय, आणि अर्ध्या तासाच्या आतच दुसरा स्फोट झाला, पहिल्यापेक्षा मोठा. ती नेहमी म्हणायची, 'पयल्याने लोकं भायेर काढली न दुसऱ्याने नेली.' जळता कापूस आभाळातून चाळींवर पडत होता, तेलाची पिंपं, लोखंडाचे तुकडे पडत होते, जिथे पडेल तिथे आग. शेजारी उभं असलेलं 'जलपद्मा' जहाज उचललं जाऊन त्याचा मागचा भाग धक्क्यावरच्या शेडवर जाऊन बसला. अकराएक जहाजं बुडाली किंवा बुडायला आली. शिमल्याच्या भूकंपमापकावरसुद्धा हा धक्का नोंदवला गेला.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मेलेल्यांचे आकडे वेगवेगळे सापडतात, सातशे-आठशेपासून तेराशेपर्यंत, जखमी अडीच हजारांच्या आसपास, आणि बेघर झालेले ८०,०००. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांचा आकडा नक्की आहे कारण त्यांची हजेरी होती. हमालांची कसली हजेरी? घाटावरून नाहीतर कोकणातून आलेला माणूस, रोजंदारीवर टोळीत उभा राहिलेला, त्याचं नाव मुकादमाच्या डोक्यात, आणि मुकादमही तिथेच. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या वहीत एवढंच होतं की आजोबांचा थोरला भाऊ सकाळी डबा घेऊन गेला, काही मिळालं नाही, गावाला बारावं घातलं. सरांनी ते वाचून दाखवलं तेव्हा वर्गात कुणी हललं नाही.

या आगीची गोष्ट निघाली की लोक सोन्याची सांगतात. १२४ विटा होत्या, प्रत्येकी साडेबारा किलोच्या आसपास, एक उडून मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली, त्यांनी ती परत केली, पुढे २०११ मध्येसुद्धा गाळ काढताना विटा सापडल्या. हे खरं आहे आणि सांगायला छान आहे, पण मला त्यापेक्षा धान्याचं वाटतं. गोदीच्या आणि दाणाबंदरच्या बाजूला साठवलेलं ५५,००० टन धान्य त्या आगीत गेलं असं सांगतात. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली होती ते आदल्याच वर्षी, मुंबईत १९४३ पासून रेशन सुरू झालेलं, आणि इथे तांदूळ जळत होता. आज्जीला जळक्या तांदळाचा वास पुढे कितीतरी दिवस यायचा आणि भात जरा लागला तरी ती ते पातेलं खिडकीत नेऊन ठेवायची. आम्हाला ती खोड वाटायची, वहीत लिहिताना मला त्याचं कारण कळलं.

आणि या सगळ्याची बातमी नाही! युद्धाची सेन्सॉरशिप. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितलं आणि इथल्या पेपरांना तपशील छापायची परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. फुटलेल्या काचा कल्याणच्या गाडीत बसलेल्या माणसालाही दिसत होत्या, धूर सगळ्या शहराला दिसत होता, तरी छापायचं नाही. मला वाटतं आमच्या पुस्तकात ती ओळ नसण्याची सुरुवात तिथेच झाली, जे वेळेवर छापलंच गेलं नाही ते घराघरात राहिलं आणि म्हाताऱ्या माणसांबरोबर जायला लागलं.

नंतरचं काम पण कमी नव्हतं. सुमारे ८,००० माणसं सात महिने राबली, पाच लाख टन राडारोडा उचलला आणि गोदी परत चालू केली. सरकारने जबाबदारी मान्य करून नुकसानभरपाई दिली, पण ज्यांच्याकडे कागद होते त्यांना ती मागता आली. आज्जीच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने सामानाची यादी लिहून दिली होती, त्यात पाळणाही लिहिला होता. आपली शाळा सुरू झाली १९५० मध्ये, म्हणजे स्फोटाला जेमतेम सहा वर्षं झालेली, पहिल्या वर्गांत बसलेली मुलं त्याच एप्रिलच्या आगेमागे जन्मलेली, हे मी हिशेब केल्यावर मलाच कसंतरी झालं.

सरांनी त्या सगळ्या वह्या एकत्र बांधून ठेवल्या होत्या. एकदा ते आम्हाला भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात स्मारक दाखवायलाही घेऊन गेले, तिथल्या एका जवानाने आमच्यापैकी प्रत्येकाला पाईपचा नोझल धरायला दिला. मी पुढे इंजिनिअर झालो, फायर सेफ्टीच्या कामात पडलो, गोदामांची तपासणी करतो, कुठला माल कुठल्या मालाशेजारी ठेवला आहे ते बघतो. हे क्षेत्र का निवडलंस असं इंटरव्ह्यूत विचारलं तेव्हा मी सरांच्या फळ्याचंच सांगितलं होतं.

व्हिक्टोरिया डॉक आता बुजवलेला आहे, तिथे जाऊन दाखवण्यासारखं फारसं काही नाही. म्हणून शाळेच्या समितीला माझी विनंती आहे की त्या वह्या शाळेच्या कपाटात अजून असतील तर शोधा, स्कॅनिंगचा सगळा खर्च मी करतो. आणि ज्यांच्या घरी त्या वेळी लहान असलेलं कुणी अजून आहे, आता ती माणसं ऐंशीच्या पुढची असणार, त्यांनी या मे महिन्याच्या सुट्टीतच मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून शाळेत आणून द्यावं, भाषा कशीही असू दे, आठवण तुटक असू दे. मेलेल्या हमालांपैकी एकाचं जरी नाव त्यात मिळालं तरी ते त्याच्या गावाच्या नावासकट लिहून ठेवा.