आमेन म्हणणाऱ्याचं काय

मागच्या बुधवारी एका घरी प्रार्थनासभा होती, आम्ही दहाएक जण असू. गायनं झाली आणि ज्यांच्याकडे सभा होती ते म्हणाले की आज ज्याला जसं सुचेल तशी प्रार्थना करा, ठरलेलं काही नको. मला खूप बरं वाटलं. मग एक भाऊ सुरू झाले आणि ते थांबेचनात, अगदी मनापासून करत होते पण पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, आणि माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्यांच्या नातवाचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. त्यांनी दोनदा घसा साफ केला, पदर नीट केला, आणि दोन्ही वेळा गप्पच राहिल्या. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि चहा आला.

घरी येऊन बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र उघडलं, प्रेषित पौलाने लिहिलेलं, अध्याय १४. हा अध्याय आपण फक्त अन्य भाषांच्या, म्हणजे प्रार्थनेत न शिकलेल्या, न कळणाऱ्या भाषेत बोलण्याच्या वादासाठी वाचतो, बोलाव्यात की नाही वगैरे, आणि त्यातली माणसं राहून जातात. साधारण इसवी सन ५४-५५, पौल इफिसमध्ये आहे आणि ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती मंडळीची खबर त्याच्या कानावर येतेय. मंडळी कुणाच्या तरी घरात जमतेय, कुणाकडे गीत आहे, कुणाकडे शिक्षण, कुणाकडे प्रकटीकरण, आणि सगळे एकदम. पौल काय करतो बघा, तो कुणालाच बंद करत नाही. अन्य भाषेत दोघांनी किंवा फार तर तिघांनी बोला, एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मनातल्या मनात देवाशी बोला. देवाकडून आलेला संदेश देणारेही दोघं-तिघं, बाकीच्यांनी पारख करा. आणि मग ३० वं वचन, जे मी इतकी वर्षं वाचूनही नीट वाचलं नव्हतं: बसलेल्या दुसऱ्या कुणाला काही प्रकट झालं तर पहिल्याने गप्प व्हावं. म्हणजे शिस्त लावायची ती बोलणाऱ्याला, बसलेल्यासाठी! त्याच्या आधी १६ व्या वचनात तो विचारतो की तू काय बोलतोस ते ज्याला कळतच नाही तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसा म्हणणार?

(याच अध्यायात पुढे बायकांनी गप्प राहावं असंही आहे, माहितीये मला. पण ११ व्या अध्यायात हाच पौल बायका प्रार्थना करतात, संदेश देतात हे धरूनच चालतो, त्यामुळे ते एक वचन आजींच्या तोंडावर ठेवायला मी तरी तयार नाही.)

पुढची शंभर-दीडशे वर्षं ठरलेले शब्द आणि मनातून सुचलेली प्रार्थना हे दोन्ही सोबत चाललं याचं मला फार अप्रूप वाटतं. डिडाखे नावाचं सुरुवातीच्या मंडळ्यांचं छोटंसं जुनं पुस्तक आहे, त्याची प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. त्यात प्याल्यासाठी, भाकरीसाठी, जेवणानंतर काय म्हणायचं ते शब्द लिहून दिलेत, आणि सगळं लिहून झाल्यावर एक ओळ, की संदेष्ट्यांना मात्र त्यांना हवी तितकी उपकारस्तुती करू द्या. रोममध्ये जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक साधारण १५५ साली लिहितो की रविवारी वेळ असेल तोवर शास्त्र वाचतात, मग पुढारी त्याला जमेल तशी प्रार्थना करतो आणि लोक आमेन म्हणतात. आणि उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन, १९७ च्या सुमाराचा, सांगतो की एकत्र जेवण झालं, हात धुतले, दिवे आणले, की एकेकाला पुढे बोलावून शास्त्रातलं किंवा स्वतःच्या मनातलं गायला सांगतात. मला ते दिवे डोळ्यासमोर दिसतात हो, ओले हात पुसत कुणीतरी लाजत उभं राहतंय.

त्याच कार्थेजमध्ये ३९७ ला धर्मसभेने ठरवलं की बाहेरून उतरवून घेतलेली प्रार्थना जाणत्या बांधवांना दाखवल्याशिवाय वापरायची नाही. कारणही समजतं, चुकीचं काहीबाही देवाच्या नावाने म्हटलं जात होतं. पण दिव्यांजवळ एकेकाला बोलावण्यापासून इथपर्यंत येताना काहीतरी हातातून निसटलं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे केडगावला, १९०५ मध्ये, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात मुली एकाच वेळी मोठमोठ्याने रडत प्रार्थना करायच्या, त्यातल्या कितीतरी दुष्काळातून वाचवून आणलेल्या. कागदावरून बघितलं तर तिथे करिंथसारखाच गोंधळ. पण तिथे रडणारी प्रत्येक जण स्वतःचं काहीतरी देवापुढे मांडत होती, दुसरीचं संपायची वाट बघत गप्प बसलेली नव्हती, आणि म्हणून मला ते आमच्या बुधवारच्या शांत सभेपेक्षा पौलाच्या जास्त जवळचं वाटतं.

आजींना फोन केला होता, ऑपरेशन नीट झालं. येत्या बुधवारी सभा आमच्याकडे आहे. सुरुवात त्यांच्यापासून करायची, मग अजून दोघं, आणि मग थोडा वेळ कुणीच काही बोलायचं नाही असं ठरवलंय. त्या भावांनाही आधीच सांगितलंय, ३० वं वचन वाचूनच दाखवलं, ते म्हणाले मला त्या बसल्या होत्या हे दिसलंच नाही गं.