प्रवेश रद्द करण्याचे कारण

दर वर्षी सीईटीचा निकाल लागला की बाबांच्या कारखान्यातले कोणी ना कोणी मुलाला किंवा मुलीला घेऊन सिन्नरच्या आमच्या घरी येतात, आणि प्रवेशाविषयीचे बोलणे संपत आले की तोच प्रश्न निघतो: कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची मिळालेली सीट सोडून तू बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स का केलेस? हाच प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, नोकरीच्या मुलाखतीत विचारला गेला आहे आणि बहुतेक वेळा त्यामागे ‘काहीतरी चुकलेच असणार’ असा सूर असतो. दर वेळी मी एकच वाक्य सांगत आले आहे, की मला मूळ विषयाची आवड होती. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून या वेळी सविस्तर लिहिते आहे, कारण ते वाक्य पुरे नाही, आणि केवळ त्याच्या भरवशावर कोणी आपल्या मुलीचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, भरावा हे मला आता सोसत नाही.

मला सीट मिळाली ती 2012 च्या जुलैमध्ये, पुणे जिल्ह्यातल्या एका खासगी महाविद्यालयात. वर्षाची फी ऐंशी हजारांच्या आसपास होती. वसतिगृह आणि खाणावळ वेगळी. बाबा फिटर होते आणि त्यांचे वर्षाचे उत्पन्न दीड लाखाच्या आगेमागे होते. त्या काळी ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या, फी सवलतीसाठी उत्पन्नाची मर्यादा 1 लाख रुपये होती, त्यामुळे आम्ही तीत बसत नव्हतो. ती मर्यादा वाढली 2016 मध्ये, म्हणजे माझी पदवी हातात पडल्यानंतर. पहिला हप्ता थोरल्या काकांकडून उसना आणून भरला होता.

‘मग कर्ज का काढले नाही?’ असे तुम्ही लगेच विचाराल. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, हे आम्हालाही ठाऊक होते. पण घरावर पतसंस्थेचे कर्ज आधीच होते, आणि एका रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा बाबा दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आकडे मांडत बसलेले मला दिसले. तेच चार आकडे ते पुन्हा पुन्हा खोडून वर-खाली मांडत होते. त्यांनी मला कधीही ‘सोड’ म्हटले नाही. सीट सोडायची असे मीच सकाळी म्हणाले, आणि त्यांनी ‘नको’ म्हणायला जरा उशीर केला. तो उशीर मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

प्रवेश ठरावीक तारखेच्या आत रद्द केला तर 1000 रुपये वजा करून बाकीचे पैसे परत मिळणार होते. त्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघे पहाटेच्या एसटीने निघालो. बाबांनी रजा टाकली होती, पण अंगात कारखान्याचाच शर्ट होता, कारण इस्त्री केलेला तेवढाच होता. कार्यालयाबाहेर रांग होती आणि रांगेतले बहुतेक जण आणखी चांगल्या महाविद्यालयात जागा मिळाली म्हणून ही सीट सोडायला आलेले होते. पालक एकमेकांना नव्या महाविद्यालयांची नावे सांगत होते. आम्हाला एका गृहस्थांनी विचारले, ‘तुम्हाला कुठे मिळालं?’ बाबा म्हणाले, ‘सिन्नरलाच.’ पुढे काय विचारावे हे त्या गृहस्थांना सुचले नाही.

अर्ज एका पानाचा होता. नाव, शाखा, भरलेली रक्कम, बँकेचा तपशील, आणि त्याखाली ‘प्रवेश रद्द करण्याचे कारण’ असा दोन ओळींचा रकाना. बाबांनी सगळे स्वच्छ अक्षरात भरले, तेवढा रकाना रिकामा ठेवला आणि अर्ज खिडकीतून आत सरकवला. कारकुनाने तो परत बाहेर सरकवला आणि म्हणाला, ‘कारण लिहा. रिकामं चालत नाही.’ त्याच्या आवाजात तुसडेपणा नव्हता. सकाळपासून तो हेच सांगत असणार. बाबा पेन धरून उभे राहिले. मागची रांग पुढे सरकत होती. मी त्यांच्या हातातून पेन घेतले आणि लिहिले: ‘बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स या विषयात रस असल्यामुळे.’ खाली पालकांची सही लागत होती, ती बाबांनी केली. दाखल्याची मूळ प्रत हातात मिळाली. परतीच्या एसटीत नारायणगाव मागे पडल्यावर त्यांनी विचारले, ‘खरंच रस आहे ना तुला?’ मी ‘हो’ म्हणाले. तोवर मी आयुष्यात एका ओळीचाही प्रोग्रॅम लिहिलेला नव्हता.

गेली कित्येक वर्षे तुम्हा सर्वांना मी जे उत्तर देत आले, ते असे त्या खिडकीपाशी तयार झालेले आहे.

आता एवढे वाचून ‘म्हणजे बिचारीला नाइलाजाने बीएस्सी करावे लागले’ असे म्हणू नका, कारण तेही खरे नाही, आणि त्याचा मला पहिल्या प्रश्नापेक्षा जास्त राग येतो. पुणे विद्यापीठाच्या या पदवीला पहिल्या वर्षी कॉम्प्युटर सायन्सच्या जोडीला गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका प्रॅक्टिकलला आम्ही ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा खोचून सर्किट जोडायच्या भोकांच्या पाटीवर, 7400 क्रमांकाच्या दोन आयसी (छोट्या चिप) बसवल्या, चौदाव्या पिनला पाच व्होल्ट आणि सातवीला ग्राउंड दिले, आणि त्यांतले पाच नँड गेट (0 आणि 1 वर चालणारे छोटे सर्किट) जोडून हाफ ॲडर, म्हणजे दोन एकअंकी बायनरी संख्यांची बेरीज करणारे सर्किट, तयार केला. दोन्ही इनपुट एकदम 1 केले तेव्हा बेरजेचा एलईडी विझला आणि शेजारचा लागला. तो शेजारचा दिवा म्हणजे हातचा. दुसरीत पाटीवर ज्याला आम्ही ‘हातचा एक’ म्हणायचो, तो तारेतून गेलेला मी डोळ्यांनी पाहिला, आणि बॅचमधल्या बाकीच्या मुली वायरी काढायला लागल्या तरी मी तो दिवा पुन्हा पुन्हा लावून बघत राहिले. पुढे तिसऱ्या वर्षी कम्पायलरच्या, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, प्रॅक्टिकलमध्ये, आपण लिहिलेली ओळ यंत्राला कळेपर्यंत तिचे काय काय होते ते समजले, तेव्हा बाबांना दिलेला ‘हो’ मला पहिल्यांदा खोटा वाटला नाही.

तरीही याची किंमत होती, आणि ती लपवून मी तुमची दिशाभूल केली. 2015 साली पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या भरतीला आम्ही सहा जणी गेलो होतो. बीई (इंजिनिअरिंग) आणि एमसीए (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्समधली पदव्युत्तर पदवी) झालेल्यांना आत घेतले, आम्हाला दुपारी चारपर्यंत बसवून ठेवले आणि मग ‘बीएस्सीची वेगळी भरती कळवू’ असे सांगितले. म्हणून मी एमएस्सी केले. तीन आणि दोन अशी पाच वर्षे झाली. इंजिनिअरिंगची चारच होतात. परदेशी जायचे तर अमेरिकेतली अनेक विद्यापीठे सोळा वर्षांचे शिक्षण मागतात आणि बारावीनंतरची तीन वर्षांची पदवी तिथे एका वर्षाने कमी पडते. बारावीला गणित असलेल्या बीएस्सीवाल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, ही वाट तर मला पदवी झाल्यावर कळली.

2017 मध्ये, पहिली नोकरी लागल्याच्या भरात, मी माझ्या मामेभावाला ठामपणे सांगितले होते की पदवीच्या नावाला काही अर्थ नसतो, हातात काम आले पाहिजे. त्याने ते मानले. तेव्हाची मी त्याच्याशी खोटे बोलत नव्हते, पण मला दुपारी चारपर्यंत बसवून ठेवले होते हे मी त्याला सांगायला हवे होते. आज मी त्याला काय सांगितले असते? मला नक्की ठरवता येत नाही. आता नियमही बदलले आहेत: एमसीए 2020 पासून दोनच वर्षांचे झाले आहे, बीसीए या कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सच्या पदवीला 2024 पासून सीईटी आली आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणात पदवीचे चौथे वर्षही घेता येते. माझा हिशेब तुमच्या मुलीला जसाच्या तसा लागू पडणार नाही.

यंदा बाबांच्या कारखान्यातल्या एकांची मुलगी आली होती. ती गप्पच होती. तिचे वडीलच बोलत होते. बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले, ‘हिला तर पहिल्यापासून आवड होती.’ त्यांना ते मनापासून खरे वाटते की माझ्यासाठी ते तसे म्हणतात, हे मला अजून कळलेले नाही, आणि मी आजवर कधी विचारलेलेही नाही. निघताना ती मुलगी दारात चपला घालता घालता हळूच म्हणाली, ‘ताई, फीचे पैसे असते तर?’

मी तिला म्हणाले, ‘तर सीट सोडली नसती.’ बाबा मागेच उभे होते.