मंडपवाल्याची पिकअप

आमच्या घरात गाडीभाड्याची एक वही आहे. कुठल्या तोड्याला किती कॅरेट निघाली, कुणाची गाडी सांगितली, भाडं किती दिलं, हे सगळं मी त्यात लिहिते. यंदा जानेवारीच्या शेवटी टोमॅटोची रोपं नर्सरीत सांगून झाली होती, बेडवर मल्चिंगचा कागद अंथरायचा राहिला होता. एका संध्याकाळी वही काढून वर्षभराची बेरीज मारली. टोमॅटो, कोथिंबीर आणि कांदा धरून ७४ हजार रुपये. अडीच एकराच्या शेतीला हे भाडं झेपणारं नाही.

पण गाडी घ्यायचं डोक्यात आलं ते त्याच्या आधीच. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं होतं, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. जुन्नर तालुक्यात ज्याच्या रानात लाल फळ होतं त्याला त्या दिवसांत झोप नव्हती. आमची ४६ कॅरेट भरून बांधावर ताडपत्रीखाली तयार होती. अकराला सांगितलेली गाडी साडेतीनला आली, कारण ड्रायव्हरने वाटेत दुसऱ्याचा माल आधी पोचवला. आम्ही बाजारात शिरलो तोवर मोठे व्यापारी गाड्या भरून निघून गेले होते. कॅरेटमागे चारशे रुपये कमी घेऊन माल द्यावा लागला. नाना, म्हणजे माझे सासरे, कुणाला काही बोलले नाहीत. घरी आले आणि न जेवता झोपले.

नवी गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती. पतसंस्थेचं अडीच लाख कर्ज आणि घरातले दीड, म्हणजे सगळं धरून चार लाख. हे चाकणला कंपनीत, सुट्टी फक्त रविवारी. त्यामुळे गाड्या बघायला मी, नाना आणि आमचा गॅरेजवाला मिस्त्री असे तिघं फिरलो.

पहिली गाडी गावातच मिळत होती. टाटाचा छोटा हत्ती, एक लाख साठ हजार. डिझेल कमी पितो, बोळातून वळतो, दुरुस्तीही स्वस्त. मन ओढलंच होतं. पण वहीत बघितलं तर आमच्या भर हंगामातल्या तोड्याला ५० ते ६० कॅरेट निघतात. रिकाम्या कॅरेटचं वजन धरून एक २२ किलोला जातं. साठ कॅरेट म्हणजे १,३२० किलो. छोट्या हत्तीची क्षमता साधारण ७५० किलो, त्यात ३४ कॅरेट बसतात. म्हणजे एकतर दोन खेपा, नाहीतर गाडीची कंबर मोडायची. लोक सर्रास दुप्पट भरतात, मला माहीत आहे. पण उतारावर भरलेल्या गाडीचा ब्रेक कमी लागायला लागला की काय होतं, ते मी माझ्या मावसभावाच्या गाडीत बसून बघितलंय. मला ते नको होतं. मग दीड टनाच्या आतबाहेरची गाडी बघायची ठरली. आमच्याकडे त्या मापात बोलेरो पिकअप आणि अशोक लेलँडची दोस्त या दोन जास्त दिसतात. बोलेरोचे पार्ट ओतूरलाही मिळतात आणि मिस्त्रीचा हात तिच्यावर बसलेला आहे, एवढ्यावरच मी बोलेरो धरली. मिस्त्रीचं आणखी एक म्हणणं होतं, की १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमातली गाडी घेऊ नका. धूर गाळायची भानगड आणि सेन्सर वाढलेत, रान ते बाजार एवढ्याच छोट्या फेऱ्या मारणाऱ्याला त्याचा ताप होतो. खरं-खोटं मला तपासता आलं नाही, पण त्या गाड्या आमच्या चार लाखांत बसतही नव्हत्या.

दुसरी गाडी मात्र अशी होती की बघताक्षणी इसार द्यावा. २०१८ ची बोलेरो पिकअप, पांढरीशुभ्र, नवे सीट कव्हर, हौद्याला ताजा रंग, मीटरवर ७२ हजार किलोमीटर. भाव तीन लाख नव्वद. नंबर एमएच-०८, रत्नागिरीचा. दलाल म्हणाला, "कोकणातल्या गाड्या जपून वापरलेल्या असतात, ताई."

मिस्त्रीने आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. आम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली होती. थंड इंजिनाला सेल्फ मारल्याशिवाय खरा आवाज आणि खरा धूर कळत नाही, म्हणून तो म्हणाला, "हिला उद्या सकाळी बघू, आज खालून बघतो." गोणपाट टाकून तो खाली शिरला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चेसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठोकत मागे सरकू लागला. टण, टण, टण. मागच्या चाकाच्या अलीकडे आला आणि आवाज बदलला. थप. परत ठोकलं, परत थप. "वहिनी, हात द्या इकडं." मी तळवा खाली धरला. काळ्या रंगाची खपली माझ्या हातात पडली आणि तिच्या आत तांबडा गंज होता, पापुद्र्यासारखा, बोटांनी चुरला की भुगा होणारा. मग मी हौद्यात चढले. तळाला नवं रबर घातलेलं होतं. कोपऱ्यातून ते वर उचललं तर पत्र्याच्या सांध्यात माशाचे खवले चिकटलेले, वाळून नखासारखे कडक झालेले.

गाडी मासळीची होती. बर्फ वितळतं, मासळीचं खारं पाणी हौद्यातून गळतं आणि वर्षानुवर्षं चेसीवर पडत राहतं. इंजिन उतरवून बांधता येतं, क्लचप्लेट बदलता येते, पण आतून खाल्लेल्या चेसीला वेल्डिंग मारून भरल्या गाडीने बाजार गाठायचा म्हणजे जिवाशी खेळ. दलालाला विचारलं तर म्हणाला, त्याला काही कल्पना नव्हती.

परत येताना नाना एसटीत बोलले. त्यांनी उभ्या हयातीत बेल्ह्याच्या बाजारातून सहा बैल आणलेत. "दात बघून वय कळतं. पण आम्ही खांदा बघायचो, आणि आधी कशाला जुंपला होता ते विचारायचो. उसाच्या गाडीचा बैल लवकर थकतो." तिथून पुढे मी प्रत्येक गाडीला पहिला प्रश्न तोच विचारला. हिने आजवर काय वाहिलं? खडी-वाळूच्या गाडीचे कमानपाटे बघितले की कळतं. जास्तीचा पाटा टाकलेला असतो आणि मूळचे पाटे सपाट होऊन बसलेले असतात. दुधाच्या गाडीला सकाळ-संध्याकाळ शंभर ठिकाणी थांबायचं असतं, तिचा क्लच आणि ब्रेक आधी जातो. हे सगळं मीटरमध्ये दिसत नाही. शिवाय मीटर मागे फिरवता येतो, म्हणून मी क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर किती झिजलंय ते बघायची. ७२ हजाराच्या गाडीचं पॅडल गुळगुळीत कसं?

तिसरी गाडी आळेफाट्याच्या पुढच्या एका गावात, मंडपवाल्याकडे. २०१७ ची. दिसायला अगदीच वाईट. लोखंडी पाईप घासून घासून हौद्याच्या दोन्ही बाजू चेंबलेल्या, एका दिव्याला तडा, फाळक्यावर मंडपवाल्याचं नाव आणि फोन नंबर. पण मंडपाचं काम लग्नसराईत आणि गणपतीत, पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने शेडमध्ये उभी. सकाळी साडेसहाला न सांगता गेलो. बॉनेट गार. अर्ध्या सेल्फला इंजिन लागलं, थोडा पांढरा धूर आला आणि दोन मिनिटांत गेला. मिस्त्रीने ऑइलचं झाकण काढून बघितलं, धूर मारत नव्हतं. चेसी या टोकापासून त्या टोकापर्यंत टण वाजली. क्लच वर धरत होता, म्हणजे झिजत आलेला, आणि मागचे दोन टायर रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले होते. त्या दोन गोष्टींवर बोलणी झाली आणि तीन लाख पंचेचाळीसला ठरली.

कागदाचं सांगते, कारण आम्ही तिथेच अडकलो. मालकाचं कर्ज कधीच फिटलं होतं, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, फायनान्सचा बोजा तसाच होता. आम्ही पंचवीस हजार इसार दिला आणि बाकीची रक्कम बोजा उतरल्यावरच देऊ असं लिहून घेतलं. फायनान्स कंपनीने एनओसीसाठी, म्हणजे ना हरकत पत्रासाठी, तीन आठवडे फेऱ्या मारायला लावल्या. मालक माणूस चांगला, पण आम्ही घाई केली असती तर त्या फेऱ्या आमच्या नशिबी आल्या असत्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० बरोबर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ लागतो, त्यावर फायनान्सवाल्याची सही-शिक्का लागतो. चेसी नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. थकलेली चलनं एमपरिवहन ॲपवर दिसतात, आमच्या गाडीवर दोन होती, ती मालकाने भरली. मालवाहू गाडीचं पासिंग, म्हणजे फिटनेसची तपासणी, आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी असतं, त्यानंतर दर वर्षी. आमची यंदाच आठची होते, म्हणून तो खर्च मी भावातच धरला होता. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्यामुळे नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही बसवावी लागली.

आरटीओचा एजंट मला म्हणाला, "वहिनी, तुम्हाला ही चालवायला वेगळं लायसन्स काढावं लागेल." नाही लागत. मालासकट एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. ज्या बायका घरची गाडी चालवायला यामुळे कचरत असतील त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा. आणि चालवायला घ्याच. रिकामी पिकअप ओल्या काळ्या रानात मागून घसरते, एवढं एक शिकावं लागतं. मी हौद्यात मागच्या चाकांवर वाळूच्या दोन गोण्या टाकून ठेवते.

एप्रिलच्या शेवटी पहिला तोडा निघाला, ३१ कॅरेट. साडेदहाला भरली, अकराला निघालो, मी चालवत आणि नाना शेजारी. बाजारात आमची गाडी रांगेत पुढून चौथी होती. माल उतरल्यावर नाना खाली उतरले आणि चारही चाकांना एकेक करून हात लावून आले. मिस्त्रीने त्यांना शिकवलंय, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर ब्रेक धरून राहतोय समजायचं.

"मागचं डावं जरा जास्त तापलंय," म्हणाले. शनिवारी मिस्त्रीकडे नेणार आहे.